शिडाच्या बोटीवरची सुट्टी : पूर्वतयारीचा विचार

आपल्या घरांतून सुट्टीचे बेत अलीकडे बरेच बदलले आहेत. पूर्वी मे महिना म्हणजे आजोळ, फार तर चोर्ला घाट उतरून गोवा किंवा आंबोलीमार्गे मालवण. आता कुणाचा मुलगा अमेरिकेत, कुणाची लेक इंग्लंडात. त्यांची ऐपत वाढली, हौसही वाढली. मग एके दिवशी निरोप येतो, "यंदा तुम्ही दोघे इकडे या, आपण सगळे मिळून आठवडाभर शिडाची बोट भाड्याने घेऊ आणि बेटाबेटांतून हिंडू." निरोप ऐकून आईवडील आनंदतात आणि घाबरतातही. आम्ही शाळेत भूगोल शिकवतो, तेव्हा असे पालक आम्हांस गाठून विचारतात, "सर, हे काय प्रकरण आहे? बरोबर काय न्यायचे? यात धोका किती?" महोत्सवी स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळींनी विषय आमच्यावर सोपवला, तेव्हा या प्रश्नांची उत्तरे एकत्र मांडावीत असे आम्ही ठरवले.

विषय चैनीचा वाटेल. पण त्याची एक बाजू चैनीची मुळीच नाही. आपण बेळगावकर डोंगरमाथ्यावरचे लोक. पाऊस आपल्या ओळखीचा आहे, समुद्र नाही. २०१७ च्या एप्रिल महिन्यात मालवणजवळच्या वायरी किनाऱ्यावर आपल्या गावच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या सहलीतील आठजण बुडाले. ते दुःख या गावात अजून कोणी विसरलेले नाही. पाण्याची भीती बाळगून घरी बसावे असा त्याचा अर्थ आम्ही घेत नाही. पाण्याकडे जायचे तर त्याची माहिती करून घेऊन जावे, एवढाच बोध घेतो. पुढील सर्व लेखन त्याच हेतूने केले आहे.

प्रदेशाची ओळख

नुसत्या सामान्य गोष्टी सांगण्यापेक्षा एक प्रत्यक्ष ठिकाण डोळ्यांपुढे ठेवू. अशा सुट्ट्यांसाठी जगात प्रसिद्ध असलेले ठिकाण म्हणजे कॅरिबियन समुद्रातील ब्रिटिश व्हर्जिन बेटे. कोलंबसाने १४९३ साली दुसऱ्या सफरीत ही बेटे पाहिली आणि संत अर्सुला व तिच्या कुमारिका यांच्यावरून त्यांना नाव दिले. लहानमोठी साठेक बेटे, सर्वांचे मिळून क्षेत्रफळ सुमारे १५३ चौरस किलोमीटर. टॉर्टोला हे सर्वांत मोठे बेट व त्यावरील रोड टाऊन ही राजधानी. सत्ता ब्रिटनची, पण चलन १९५९ पासून अमेरिकन डॉलर. वाहने आपल्यासारखीच रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात. घड्याळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे.

नकाशा उघडून पाहिल्यास एक गंमत आढळेल. टॉर्टोलाचे अक्षांश साडेअठरा उत्तर, म्हणजे जवळजवळ पुण्याचेच. सूर्य तोच, त्याची उंचीही तीच. तरी तेथील हवा निराळी, कारण वारे निराळे. आपल्याकडे वारा वर्षातून दोनदा दिशा बदलतो. म्हणून आपण त्याला मोसमी म्हणतो, आणि हा मोसम शब्द अरबी मौसिमवरून आला आहे. तिकडे जवळजवळ बारा महिने वारा पूर्वेकडूनच वाहतो, कधी ईशान्येकडे तर कधी आग्नेयेकडे थोडा झुकून. हेच व्यापारी वारे. त्यांचा वेग साधारण १५ ते २० नॉट, म्हणजे ताशी २८ ते ३७ किलोमीटर. शिडाच्या बोटीला याहून भरवशाचा सोबती कोणता?

दुसरी सोय म्हणजे बेटांची मांडणी. टॉर्टोला एका बाजूला आणि नॉर्मन, पीटर, सॉल्ट, कूपर, जिंजर ही बेटे दुसऱ्या बाजूला, अशा दोन रांगा आहेत. मधल्या पाण्याला सर फ्रान्सिस ड्रेक चॅनेल म्हणतात. बाहेरच्या महासागराच्या लाटा या बेटांवर अडतात, आतले पाणी त्या मानाने शांत राहते. एका बेटावरून दुसरे बेट डोळ्यांना दिसते. भरतीओहोटीचा फरक अर्ध्या मीटरहूनही कमी. मुंबईच्या बंदरात उधाणाला चार मीटरहून अधिक पाणी चढते, त्याच्याशी ताडून पाहावे. अशा सर्व अनुकूलतेमुळे १९६९ साली रोड टाऊन येथे द मूरिंग्ज ही कंपनी निघाली आणि बोटी भाड्याने देण्याचा धंदा तेथे वाढीस लागला.

केव्हा जावे

हवेचे गणित प्रथम, तिकिटाचे गणित नंतर, हा क्रम कधी उलटू नये. कॅरिबियनमधील चक्रीवादळांचा, म्हणजे हरिकेनचा, हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर असा धरतात. त्यातही ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंतचा काळ सर्वांत धोक्याचा. ६ सप्टेंबर २०१७ रोजी इर्मा हे पाचव्या, म्हणजे सर्वोच्च, वर्गाचे वादळ या बेटांवरून गेले. घरांची छपरे उडाली, धक्क्यांवर बांधलेल्या बोटी एकमेकींवर रचल्या गेल्या. अशा महिन्यांत भाडे स्वस्त असते. ते स्वस्त का असते हे लक्षात घ्यावे.

डिसेंबर ते एप्रिल हा चांगला काळ. पण त्यातही बारकावे आहेत. नाताळाच्या सुमारास वारा कधी कधी २५ ते ३० नॉटपर्यंत चढतो आणि तसाच काही दिवस टिकतो. तेथील लोक त्याला नाताळचे वारेच म्हणतात. हिवाळ्यात उत्तर अटलांटिकमधील दूरच्या वादळांच्या लाटा येऊन उत्तरेकडे उघडी असलेली बंदरे अस्वस्थ करतात. नवशिक्यांनी आणि वडीलधाऱ्यांना बरोबर नेणाऱ्यांनी मार्च-एप्रिल धरावा. तेव्हा वारा थोडा नरम पडलेला असतो आणि दिवसही मोठा झालेला असतो.

बोट कोणत्या प्रकारे घ्यावी

बोट भाड्याने घेण्याचे मुख्यतः तीन प्रकार आहेत. पहिला प्रकार म्हणजे नुसती बोट घ्यायची, ती चालवायची आपणच. दुसऱ्यात बोटीबरोबर कप्तान मिळतो. तिसऱ्यात कप्तान आणि स्वयंपाकी दोघेही असतात. पहिल्या प्रकारात कंपनी आपला पूर्वानुभव लिहून मागते : कोणत्या लांबीच्या बोटी चालवल्या, कोठे, किती दिवस. कागदावर चार ओळी फुगवून लिहिल्या तर बोट मिळेलही. पण वारा तो कागद वाचत नाही. दोन दिवसांचा वर्ग केलेल्या तरुणाने चाळीस फुटी बोट आणि त्यावर आपले वृद्ध आईबाप, बायको, मुले एवढी जोखीम उचलू नये. कप्तान घ्यावा. त्याला रोजची मजुरी द्यावी लागते, झोपायला जागा आणि जेवण द्यावे लागते. तो खर्च बेतात आधीच धरावा. भाडे, इंधन, अन्न, बंदरातील शुल्क आणि कप्तान अशी बेरीज मांडून ती जड वाटली, तर सात दिवसांचे पाच दिवस करावेत, पण कप्तान गाळू नये.

आपल्या खलाशांच्या बोलीत गलबताचा मार्ग ठरवणाऱ्याला मालीम म्हणत. हा शब्द अरबी मुअल्लिमपासून आला, आणि मुअल्लिम म्हणजे शिक्षक. आम्हां शिक्षकांना या शब्दाचा अभिमान वाटतो. पण त्यातील अर्थ सर्वांच्याच उपयोगाचा आहे. बोटीवर ज्याला माहीत आहे त्याचे ऐकायचे. घरी वडील मोठे असतील, बोटीवर कप्तान मोठा. ही गोष्ट निघण्यापूर्वीच घरातल्या सर्वांच्या गळी उतरवावी. नाहीतर वाऱ्याचा जोर वाढताच काका एक सांगतात, मेहुणे दुसरे सांगतात आणि दोर धरणारा गोंधळून उभा राहतो.

बोटीच्या आकाराचाही विचार करावा. एका सांगाड्याची बोट वाऱ्यात एका बाजूला कलते. तिचा तो स्वभावच आहे, तिचा तळ जड असल्याने ती सहसा उलटत नाही. पण वयस्कांना त्या कलत्या जमिनीवर वावरणे कठीण जाते. दोन सांगाड्यांची बोट, म्हणजे कॅटॅमरान, फारशी कलत नाही, तिच्यावर जागाही ऐसपैस असते. भाडे मात्र जास्त. घरात साठीपुढची माणसे आणि लहान मुले असतील तर कॅटॅमरान बरी.

कागदपत्रे

करारपत्र इंग्रजीत बारीक अक्षरांत असते. ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचावे. सहल रद्द झाली तर पैसे किती परत मिळणार, वादळाची सूचना आली तर काय, अनामत रक्कम किती, बोटीला ओरखडा पडला तर तो कोणाच्या खात्यावर, डिंगी हरवली तर भरपाई कोणाची, हे प्रश्न सही करण्याआधी विचारावेत. प्रवासविमा घेताना त्यात समुद्रावरील आजार आणि रुग्णाला दुसऱ्या देशी हलवण्याचा खर्च आहे की नाही ते पाहावे. लहान बेटावर सर्व शस्त्रक्रिया होत नाहीत, आणि विमानाने रुग्ण नेण्याचा खर्च सामान्य माणसाला बुडवणारा असतो.

भारतीय पारपत्रधारकांनी एक ध्यानात ठेवावे. या बेटांना लागूनच अमेरिकेच्या मालकीची व्हर्जिन बेटे आहेत. सेंट जॉन हे बेट समोर दिसते, पण तेथे उतरणे म्हणजे परदेशात उतरणे. शिवाय बरेच प्रवासी पोर्टो रिको किंवा सेंट थॉमसमार्गे येतात, आणि तेही अमेरिकेचेच प्रदेश. तेव्हा कोणत्या मार्गाने जाणार आणि त्या मार्गावर कोणता व्हिसा लागणार, हे त्या त्या सरकारच्या कार्यालयाकडूनच निघण्यापूर्वी पक्के करून घ्यावे. ओळखीच्या माणसाच्या सांगण्यावर विसंबू नये.

सामान किती न्यावे

बोटीवर कपाट नसते, खोली लहान असते. कडक सुटकेस ठेवायला तेथे जागाच नाही. घडी करून ठेवता येईल अशी कापडी पिशवी न्यावी, दर माणशी एक. कपडे सुती, सैल आणि थोडे. पूर्ण बाह्यांचा सदरा, रुंद काठाची टोपी, चष्म्याला मागून दोरी आणि पांढऱ्या किंवा डाग न पाडणाऱ्या तळव्याचे जोडे हवेत. साडीचा पदर, ओढणी, मोकळे केस, बांगड्या, अंगठ्या यांची एक अडचण आहे. शिडाचा दोर ज्या चक्रावर गुंडाळतात त्यात हे सारे अडकते, आणि दोरावर त्या वेळी मोठा ताण असतो. म्हणून बोट चालू असताना भगिनींनी आटोपशीर पोशाख करावा, दागिने घरीच ठेवावेत. पोहताना अंगभर कपडा हवा असणाऱ्यांनी संकोचू नये. तसले पोहण्याचे कपडे आता सर्वत्र मिळतात, आणि उन्हापासून रक्षण म्हणून पाश्चात्य लोकही ते वापरतात.

ऊन आपल्याला नवे नाही, असे म्हणून कित्येकजण फसतात. पाण्यावरून परतलेले किरण सावलीतही पोहोचतात आणि वारा गार असल्याने भाजल्याचे कळत नाही. अंगाला लावण्याच्या मलमात ऑक्सिबेन्झोन हे द्रव्य नसावे. ते प्रवाळाला घातक ठरते, म्हणून अमेरिकन व्हर्जिन बेटांनी २०२० पासून त्यावर बंदी घातली. झिंक ऑक्साईडचे मलम घ्यावे.

नेहमीची औषधे पंधरा दिवसांची, दोन वेगळ्या पिशव्यांत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्यावीत. बोट लागणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारून गोळी आणावी. ती निघण्याआधी अर्धा-पाऊण तास घ्यायची असते, ओकारी सुरू झाल्यावर तिचा उपयोग थोडा. तिने झोप येते, म्हणून सुकाणूवरील माणसाने घरीच एकदा घेऊन पाहावी. बरे वाटेनासे झाले की खोलीत न जाता वर उघड्यावर बसून क्षितिजाकडे पाहावे. कारण साधे आहे : कान सांगतो की आपण हलतो आहोत, डोळ्याला खोलीच्या भिंती स्थिर दिसतात, आणि दोघांच्या साक्षी जुळत नाहीत म्हणून मळमळते. क्षितिज पाहिले की त्या जुळतात.

अन्न, पाणी आणि वीज

पाण्याचा हिशोब मुलांकडून करून घ्यावा. टाकी ६०० लिटरची, माणसे सहा, दिवस सात. म्हणजे माणशी रोज सुमारे १४ लिटर, त्यातच आंघोळ, भांडी, तोंड धुणे. नळाला दिवसाआड पाणी येण्याचे दिवस ज्यांनी काढले, त्या आपल्या गृहिणींना हे जमेल. नळ सोडून दात घासणाऱ्या पोरांना मात्र कठीण जाईल. समुद्रात बुडी मारून साबण लावावा, पुन्हा बुडी मारावी आणि शेवटी तांब्याभर गोड्या पाण्याने अंग धुवावे. पिण्याचे पाणी वेगळे, बाटल्यांतून घ्यावे आणि ते मात्र मोजू नये. उष्ण हवेत माणसाने तहान लागण्याची वाट न पाहता पाणी प्यावे.

वीज बॅटरीतून येते. शीतपेटी तीच खाते. इंजिन रोज ठराविक वेळ चालवून बॅटरी भरावी लागते. शीतपेटीचे झाकण कितीदा उघडले यावर आठवड्याच्या अन्नाचे आयुष्य ठरते. संडासाची नळी अरुंद असते. तीत कागद, कापूस, केस काहीही टाकू नये. ती तुंबली तर काय प्रसंग ओढवतो याचे वर्णन स्मरणिकेत शोभणार नाही.

स्वयंपाकाचा गॅस हा सर्वांत गांभीर्याचा विषय. घरातला सिलिंडरचा गॅसही हवेपेक्षा जडच असतो, पण घराला दारे असतात आणि तो उंबऱ्यावरून बाहेर जाऊ शकतो. बोटीच्या तळाला दार नाही. गळलेला गॅस तेथे साचून राहतो आणि एका ठिणगीने भडकतो. म्हणून चूल विझवताना आधी सिलिंडरकडील कळ बंद करावी, ज्योत आपोआप विझू द्यावी, मग चुलीची कळ फिरवावी. ही सवय पहिल्या दिवशीच लावावी.

खाण्याच्या बाबतीत प्रत्येक घराचे नियम असतात. आमच्या घरी हलालचा विचार, कुणाकडे शाकाहाराचा, कुणाकडे चातुर्मासाचा. तयार शिधा मागवला तर त्यात डुकराचे मांस येण्याचा संभव असतो, आणि स्वागताला रम देण्याची तिकडे रीत आहे. म्हणून यादी आपण स्वतः करून आधी कळवावी. तांदूळ, कडधान्ये, पीठ, अंडी, मासे, फळे तेथे मिळतात. मसाला, चटणी, लोणचे आणि एक लहान प्रेशर कुकर घरून न्यावा. बिया, ताजी फळे व भाज्या मात्र परदेशी नेऊ नयेत, त्यावर निर्बंध असतात. नमाज पढणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की नांगरलेली बोट वाऱ्याबरोबर फिरत राहते. दिशा होकायंत्रावर पाहावी. तेथून किब्ला पूर्व-ईशान्येकडे येतो.

मासळीप्रेमींना एक इशारा. प्रवाळात राहणाऱ्या मोठ्या माशांत, विशेषतः बाराकुडामध्ये, सिग्वाटेरा नावाचे विष साठलेले असू शकते. ते शिजवून किंवा तळून जात नाही, चवीवरून किंवा वासावरून कळत नाही. स्थानिक कोळी जो मासा खात नाहीत तो आपण खाऊ नये. परदेशी पाहुण्यांना परवान्यावाचून मासे पकडताही येत नाहीत.

बोट ताब्यात घेताना

कंपनीचा माणूस बोट दाखवतो तेव्हा सर्वांनी हजर राहावे आणि ते सारे मोबाईलवर टिपून घ्यावे. निदान दोघा मोठ्यांना कप्तानाखेरीज तीन गोष्टी आल्याच पाहिजेत : इंजिन सुरू व बंद करणे, नांगर टाकणे आणि रेडिओवर मदत मागणे. कप्तानच आजारी पडला किंवा पाण्यात पडला तर बोटीवरच्या सर्वांचा जीव या तीन गोष्टींवर अवलंबून राहतो. रेडिओचा १६ क्रमांकाचा मार्ग संकटासाठी जगभर राखलेला आहे. जीव धोक्यात असेल तर "मेडे" तीनदा, मग बोटीचे नाव, ठिकाण, संकट आणि माणसांची संख्या सांगावी. या बेटांत समुद्रावरील बचावाचे काम स्वयंसेवकांची संस्था करते. तिला दूरध्वनीवर ७६७ हा क्रमांक फिरवून बोलावता येते.

जीवरक्षक जाकिटे मोजून घ्यावीत, प्रत्येकाने घालून पाहावीत. मुलांची जाकिटे वजनानुसार असतात, मोठ्यांचे जाकीट मुलाच्या डोक्यावरून निसटते. ज्याला पोहता येत नाही त्याने डेकवर जाकीट काढायचेच नाही. यात लाज कसली? चालताना खलाशांचा जुना नियम पाळावा : एक हात कामाला, एक हात आधाराला. कोणी पाण्यात पडले तर एकाने केवळ त्याच्याकडे बोट दाखवत राहायचे, नजर क्षणभरही हलवायची नाही. लाटांत माणसाचे डोके नारळाएवढेच दिसते आणि पाहता पाहता हरवते. दुसऱ्याने तरंगते कडे फेकायचे. पहिल्या दिवशी एखादी उशी पाण्यात टाकून हा सराव करावा.

डिंगीतून किनाऱ्यावर जाणे-येणे हे वरकरणी क्षुल्लक, पण कित्येक अपघात तेथेच होतात. चढताना वृद्धांना दोघांनी धरावे. डिंगीच्या इंजिनाला जोडलेली दोरी चालवणाऱ्याने मनगटाला बांधावी, म्हणजे तो पडताच इंजिन बंद पडते आणि पंखा कोणाला कापत नाही.

पाणी वाचण्याची विद्या

समुद्राचा रंग वाचता आला पाहिजे. गडद निळे पाणी खोल, फिकट हिरवे म्हणजे खाली वाळू, तपकिरी दिसले की खाली प्रवाळ. पण हे रंग सूर्य वर आणि पाठीमागे असतानाच दिसतात. म्हणून सकाळी लवकर निघावे आणि दुपारी तीनच्या आत मुक्काम गाठावा. उष्ण कटिबंधात सूर्य सरळ खाली उतरतो, संधिप्रकाश थोडाच वेळ टिकतो. रात्री बोट चालवायला बहुतेक कंपन्या मनाईच करतात. बेटे उगाच मोडक्या गलबतांच्या कथा सांगत नाहीत. १८६७ च्या ऑक्टोबरात र्‍होन हे ब्रिटिश डाकेचे जहाज वादळात सॉल्ट बेटावर आदळून फुटले. त्याचे अवशेष आजही पाण्याखाली आहेत.

आणखी एक भेद. भारतीय बंदरात शिरताना लाल तरंगती खूण डाव्या हाताला ठेवतात, तेथे ती उजव्या हाताला ठेवतात. मुंबईत किंवा गोव्यात शिकलेल्या तरुणाने हे पाठ करूनच जावे.

नांगर वाळूत टाकावा, प्रवाळावर कधीही नाही. शेकडो वर्षांत वाढलेले पोवळे साखळीच्या एका ओढीत मोडते. साखळी किती सोडावी? खोली सहा मीटर, बोटीच्या नाळेची उंची एक मीटर, बेरीज सात, तिच्या निदान पाचपट, म्हणजे ३५ मीटर. साखळी आडवी पडली तरच नांगर रुततो, उभी ओढली तर उचकटतो. वाऱ्याचेही असेच गणित आहे. वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो. म्हणून १५ नॉटचा वारा ३० होण्याची वाट न पाहता शीड आधीच लहान करावे.

पहिल्या दिवशी जवळचे नॉर्मन बेट गाठावे, तेथील गुहांजवळ मुलांना मासे दिसतील. नंतर कूपर बेट, मग व्हर्जिन गोर्डाचे द बाथ्स, जेथे घराएवढे ग्रॅनाइटचे धोंडे किनाऱ्यावर पडले आहेत. तेथे लाल निशाण असेल तर पाण्यात उतरू नये. अनेगाडा हे बेट मात्र निराळे. इतर बेटे डोंगराळ, हे चुनखडीचे आणि सपाट, उंची जेमतेम आठ मीटर. नावाचा अर्थच बुडालेली. भोवती लांबलचक प्रवाळाची रांग आहे. तेथे माहितगार कप्तानाखेरीज जाऊ नये, कंपनीची परवानगीही पाहावी.

किनाऱ्यावर मँचिनील नावाचे झाड असते. फळ लहान हिरव्या सफरचंदासारखे, पण विषारी. त्याच्या चिकाने अंगावर फोड येतात. पाऊस आला म्हणून त्याखाली उभे राहिले तरी पानांवरून टपकणारे पाणी भाजते. मुलांना अनोळखी फळ तोडू देऊ नये.

आता शेवटचा शब्द. घरून निघण्यापूर्वी एक तयारी येथेच, बेळगावातच, करता येते : पोहायला शिकणे. आपल्या शहरात तलाव आहेत, शिकवणारे आहेत. मुलीसुनांनाही पाठवावे. समुद्रावर जाणे कुणाच्या नशिबी असेल, कुणाच्या नसेल. पण विहीर, नदी, तलाव सर्वांच्याच वाटेत आहेत. आपल्या संस्थेने या महोत्सवी वर्षात मुलांसाठी पोहण्याचा वर्ग काढला, तर त्याहून उत्तम स्मारक आम्हांस सुचत नाही.

आणि ज्यांना जायचे त्यांनी जरूर जावे. भाड्याने घेतलेली बोट, तिच्याखालचे पाणी, त्यातले प्रवाळ आणि बोटीवर बसलेली आपली माणसे, ही सारी आठवडाभर आपल्या हवाली केलेली ठेव असते. ठेव जशी मिळाली तशी परत करावी, ही शिकवण आपल्या सर्वांच्याच घरांत आहे, आणि ज्या संस्थेचे आपण सभासद आहोत तिचा पायाही तोच आहे. सर्वांचा प्रवास सुखाचा होवो.